कुलगुरू महोदय, त्या डिस्क भंगारात देऊ नका

प्रति,
मा. कुलगुरू महोदय
आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सादर नमस्कार.

जैवमाहितीशास्त्र विभागाच्या तळमजल्यावरचा संगणक कक्ष रिकामा करून तिथे उत्तरपत्रिका स्कॅनिंग केंद्र आणायचे, कक्षातला संगणक-संच निर्लेखित करून भंगाराच्या निविदेत घालायचा आणि एम.एस्सी.चे येत्या जूनचे प्रवेश ‘तूर्त स्थगित’ ठेवायचे, असा ठराव आपण गेल्या महिन्यात केलात. मला तो कळला आवक-जावकच्या टेबलावर, दुसऱ्याच एका कागदाची पोच घ्यायला गेले असताना. या विभागात मी २४ वर्षे शिकवते आहे. ठरावाआधी मला कोणी बोलावले नाही, विचारले नाही. त्यानंतर मी दोन पत्रे रीतसर दिली. पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून हे तिसरे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालते. इथे काय मोडीत निघते आहे हे लोकांनाही कळले पाहिजे.

ठरावाच्या टिपणीत आमच्या कामाला ‘संगणकावरील काम’ म्हटले आहे. सगळी गफलत तिथूनच सुरू होते, म्हणून आधी कामच सांगते.

टी.बी.वर आयसोनियाझिड नावाचे औषध १९५२ पासून दिले जाते. रुग्ण गिळतो ती गोळी तशीच्या तशी जंतूला मारत नाही. जंतूचेच एक प्रथिन, त्याला कॅटजी म्हणतात, त्या रेणूला मारक रूप देते. काही जंतूंमध्ये या प्रथिनातल्या ३१५ क्रमांकाच्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन हे दुसरे अमिनो आम्ल येते. फरक केवढा, तर एक कार्बन आणि दोन हायड्रोजन. एवढ्याशा भरीने प्रथिनाच्या पोटात जाणारी वाट अरुंद होते, गोळीचा रेणू आतल्या लोहापर्यंत नीट पोहोचत नाही आणि औषध लागू पडेनासे होते. जगातल्या टी.बी.च्या दर चार रुग्णांमागे साधारण एक जण भारतातला आहे. आपल्या जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्राबाहेरच्या बाकावर बसलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या आजारात हे तीन अणू आहेत.

कॅटजीची रचना २००४ मध्ये स्फटिकावरून उलगडली. पण स्फटिकातून दिसते ते थांबलेले चित्र. ती वाट किती वेळ उघडी राहते, कधी मिटते, पाण्याचा रेणू कुठे आडवा येतो, हे कळायला प्रथिन हलताना पाहावे लागते. ते आम्ही गणिताने हलवतो. प्रथिन आणि भोवतालचे पाणी धरून सुमारे दोन लाख अणू. प्रत्येकावर शेजाऱ्यांचा किती जोर पडतो ते काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला दोन फेम्टोसेकंद पुढे सरकवायचे, पुन्हा जोर काढायचा, पुन्हा सरकवायचे. सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे एक फेम्टोसेकंद. सेकंदाचा दहा लाखावा भाग, म्हणजे एक मायक्रोसेकंद, पाहायचा तर ही फेरी ५० कोटी वेळा करावी लागते. आमच्या यंत्राचे चार नोड, म्हणजे संचातले चार संगणक, एका कामाला लावले की दिवसाला १५ नॅनोसेकंद पुढे जाता येते. एका मायक्रोसेकंदाचे हजार नॅनोसेकंद, म्हणजे त्याला सुमारे ६७ दिवस लागतात. आणि एकदा चालवून भागत नाही. निष्कर्षावर विश्वास ठेवायचा तर तेच काम वेगवेगळ्या सुरुवातींपासून निदान तीनदा चालवावे लागते.

हे सारे आमच्या डिस्कवर आहे. २०१३ पासूनचे, सुमारे १२० टेराबाइट. निर्लेखन समितीच्या तक्त्यात त्याच्यापुढे ‘घसारा वजा जाता मूल्य शून्य’ असे लिहिले आहे. तक्ता फक्त यंत्रांच्या लोखंडाचा हिशेब मांडतो, त्यामुळे लोखंडापुरता तो बरोबरही असेल. पण डिस्कच्या आत काय आहे हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नाही, आणि समितीतल्या कुणी तोंडीही विचारले नाही.

मी १९८९ मध्ये भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले. पुणे विद्यापीठात १९८७ पासून जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू होते, हे मला त्यानंतर दोन वर्षांनी एका जुन्या नियतकालिकातून कळले. भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीला प्रथिनांवर काम करता येते, हीच माझ्यासाठी नवी बातमी होती. पीएच.डी. झाली, मग दोन वर्षे नेदरलँड्समध्ये काढली. ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात तयार झालेले आणि सगळ्या जगाला मोफत खुले केलेले ग्रोमॅक्स हे रेणूंची हालचाल गणिताने काढणारे सॉफ्टवेअर मी तिथे हाताळायला शिकले. २००१ मध्ये परतले ती थेट इथे. बरोबरच्यांनी संस्थांची मोठी मोठी नावे सुचवली होती. पण माझे आईवडील याच भागातले, आणि तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलांना हा विषय त्यांच्या भाषेत सांगणारे इथे कुणी नव्हते.

पहिले यंत्र आम्ही २००३ मध्ये जुळवले. आठ साधे डेस्कटॉप, मध्ये एक स्विच, वर लिनक्स. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. वीज जायच्या आधी काम कुठवर आले ते साठवायचे, वीज आली की तिथून पुढे न्यायचे. पोरे आळीपाळीने लॅबमध्ये झोपत. पहाटे चारला वीज आली की कुणीतरी उठून काम सुरू करी आणि वहीत वेळ लिही. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. एकदा बीडकडच्या एका मुलाने विचारले होते, “मॅडम, म्हणजे आपण प्रथिनाचा व्हिडिओ काढतो का?” मी म्हटले, व्हिडिओत कॅमेरा समोरचे टिपतो, इथे प्रत्येक फ्रेम आपल्याला कमवावी लागते. त्याने ते वाक्य पुढे आपल्या प्रबंधाच्या आभारात घातले.

२०१३ मध्ये केंद्राच्या प्रकल्प निधीतून ८२ लाखांचा १६ नोडचा संच आला. त्यावर ११ जणांच्या पीएच.डी. झाल्या. एम.एस्सी.च्या दर तुकडीने त्यावरच हात बसवला. आज आपण जो मोडीत काढता आहात, तो हाच संच.

आता तक्रारी सांगते.

पहिली आणि सर्वांत जुनी तक्रार माणसांची. विभागात शिक्षकांची सात पदे मंजूर आहेत, भरलेली दोन. एक मी, आणि मी पुढच्या वर्षी मे महिन्यात निवृत्त होते. बाकीचे शिक्षक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर आहेत. त्यांतले दोघे परदेशात संशोधन करून आलेले आहेत. त्यांना तासांचे पैसे मिळतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच मिळत नाही, आणि जे मिळते तेही वेळेवर मिळत नाही. सीएचबीवरच्या माणसाला पीएच.डी.चा विद्यार्थी घेता येत नाही, प्रकल्पाचा अर्ज करता येत नाही. म्हणजे संशोधन करण्याची लायकी अंगात असलेला माणूस आपण फक्त तास घ्यायला ठेवला आहे. जागा भरा, असे मी विभागप्रमुख असताना सलग सहा वर्षे लिहिले. आता टिपणी म्हणते, ‘विभागात पुरेसे पूर्णवेळ शिक्षक नसल्याने अभ्यासक्रम चालवणे अडचणीचे आहे’. ते शिक्षक का नाहीत, याचे उत्तर प्रशासनाच्याच फायलींत आहे.

दुसरी तक्रार २०२२ च्या दिवाळीची. सुट्टीत वीजबिल वाचावे म्हणून इमारतीच्या वातानुकूलनाची मुख्य लाइन बंद करण्याचे परिपत्रक निघाले. संगणक यूपीएसच्या लाइनवर होते, ते चालूच राहिले. थंडावा बंद आणि यंत्रे चालू. माझी एक विद्यार्थिनी गावी होती. आपले काम कुठवर आले ते ती रात्री घरून लॅपटॉपवर पाहत असे. रात्री दोनला तिचा फोन आला, “मॅडम, रूमचं टेंपरेचर ४३ दाखवतंय.” मी किल्ली घेऊन पळत गेले. वातानुकूलनाच्या पॅनेलला कुलूप होते, त्याची किल्ली विद्युत विभागाकडे, आणि विद्युत विभागात सुट्टी. मी आणि रखवालदारांनी एकेक नोड हाताने बंद केला. डिस्कच्या एका पेटीत १२ डिस्क होत्या. दोन गेल्या असत्या तरी सगळे परत उभे करता आले असते. तीन गेल्या. त्या पेटीत तिच्या तीन कामांपैकी दोन होती. फ्रेम साठवलेल्या, विश्लेषण बाकी. सगळे पुन्हा करण्यात तिचे अकरा महिने गेले, आणि त्याच काळात तिची फेलोशिप सात महिने थकलेली होती. घरी काय सांगू, असे ती मला विचारत असे. मी चौकशीची मागणी केली होती. चौकशी झाली नाही. वातानुकूलनाबद्दल लेखी नियम आजही नाही.

तिसरी तक्रार फेलोशिपची. राष्ट्रीय पातळीवर जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, आणि कागदावर ती चांगली आहे. पण आमच्या मुलांचे पैसे विद्यापीठाच्या लेखा विभागातून जातात आणि तिथे सही, पडताळणी, पुन्हा सही यांत महिने जातात. शहरात खोली करून राहणाऱ्या मुलाला घरमालक सहा महिने थांबत नाही. गेल्या पाच वर्षांत दोन मुलांनी पीएच.डी. सोडली. दोघांनीही कारण सांगताना मान खाली घातली, जणू चूक त्यांची होती.

चौथी तक्रार वागणुकीची. तिला आकडा नाही. पदोन्नतीच्या मुलाखतीत एका सदस्यांनी मला विचारले होते, “तुमची प्रयोगशाळा कुठे आहे?” मी खोली सांगितली. ते म्हणाले, “ती कॉम्प्युटर रूम झाली. प्रयोग कुठे करता?” मी पाच मिनिटे समजावले, आणि मला दिसत होते की त्यांच्या डोक्यात चंचुपात्रे नाहीत तर प्रयोगशाळा नाही, हे पक्के बसले आहे. त्याच नजरेने आज त्या खोलीकडे पाहिले जाते आहे. चालू स्थितीतले रसायनशास्त्राचे एनएमआर यंत्र हलवून तिथे स्कॅनर बसवा, असे कुणी म्हणणार नाही.

आता ठरावाच्या बाजूने दिलेली दोन कारणे. ती मी टाळणार नाही.

एक, राष्ट्रीय महासंगणक उपलब्ध आहेत. आहेत, आणि मला त्याचा अभिमान आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो. त्या बातमीचे कात्रण मी जपून ठेवले होते. राष्ट्रीय महासंगणन मोहीम २०१५ मध्ये ४,५०० कोटींची म्हणून मंजूर झाली. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म आला, २०२४ मध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्राला परम रुद्र आला. आमची मुले अशा यंत्रांवर वेळ मागतात आणि मिळेल तो वापरतात. पण तिथे रांग असते, प्रत्येक कामाला ठरावीक तासांची मर्यादा असते, आणि साठवलेल्या फायली ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. तिथे जायच्या आधी मुलाला काम बांधता यावे लागते, चुका करून पाहाव्या लागतात. एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रातल्या मुलीने गणितातल्या प्रथिनाभोवतीची पाण्याची पेटी चुकीची भरली आणि सगळे अणू उडाले, तर ते घरच्या यंत्रावर उडू देत. गाडी शिकवायला कुणी थेट द्रुतगती मार्गावर नेत नाही.

दोन, आता कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांची रचना काही मिनिटांत मिळते, म्हणून हे काम कालबाह्य झाले. अशी रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीच्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, ते योग्यच मिळाले. मी स्वतः अल्फाफोल्ड वर्गात शिकवते. पण ते मुख्यतः रचना सांगते, म्हणजे पुन्हा थांबलेले चित्रच. तीन अणूंची भर पडल्यावर वाट किती वेळ मिटते, हा आमचा प्रश्न तिथे सुटत नाही. हालचालीचे हे गणित पहिल्यांदा एका प्रथिनावर झाले १९७७ मध्ये, हार्वर्डला मार्टिन कार्प्लस यांच्या गटात, तेही फक्त ९.२ पिकोसेकंदांचे; पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. त्या परंपरेला २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आणि अल्फाफोल्ड शिकले कशावर, हेही परिषदेने ऐकावे. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचे खुले भांडार, १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. जगभरच्या प्रयोगशाळांनी पन्नास वर्षे आपापल्या रचना तिथे नेऊन ठेवल्या, तेव्हा दीड लाखाहून अधिक रचनांवर ते यंत्र शिकू शकले. त्यांतल्या कितीतरी रचना ठेवल्या गेल्या तेव्हा पुढे त्यांचा असा उपयोग होईल हे कुणाच्या मनात नव्हते. आज रेणूंच्या हालचालींच्या नोंदींवर यंत्रांना शिकवण्याचे काम जगभर सुरू झाले आहे, आणि नेमक्या त्याच वेळी आपण बारा वर्षांच्या हालचालींच्या नोंदी किलोच्या भावाने देतो आहोत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कारण देऊन.

कुलगुरू महोदय, एक गोष्ट खास आपल्यासाठी. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही, हे सांगणारा रामचंद्रन आलेख १९६३ चा. आज जगात कुठेही प्रथिनाची रचना ठरवली की ती आधी त्या आलेखावर तपासतात. जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी ते काम मद्रास विद्यापीठात केले. तेही आपल्यासारखेच राज्य विद्यापीठ. १९५२ मध्ये जेमतेम तिशीच्या रामचंद्रनना तिथे विभाग उभा करायला आणले आणि पाठबळ दिले ते कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी. मुदलियार स्वतः डॉक्टर होते, स्फटिकांचे अभ्यासक नव्हते. आपल्या मुलांना मी रामचंद्रन आलेख शिकवते तेव्हा मुदलियारांचे नावही सांगते.

मला जुने यंत्र कवटाळून बसायचे नाही. ते बारा वर्षांचे आहे, वीज फार खाते, चार नोड बंदच आहेत. आज चार जीपीयू, म्हणजे अशा गणिताला लागणारे वेगवान प्रोसेसर, घातलेला एक सर्व्हर त्या सबंध संचापेक्षा जास्त काम करील आणि कपाटाएवढ्या जागेत मावेल. स्कॅनिंग केंद्राला जागा हवी, निकाल वेळेवर लागायला हवेत, हेही मला पटते. तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

डिस्कवरची सगळी माहिती दुसरीकडे उतरवून तपासून होईपर्यंत निर्लेखन थांबवावे. २० टेराबाइटच्या आठ डिस्क पुरतील. हा खर्च विभागाच्या वर्षभराच्या आकस्मिक निधीत बसतो, फक्त मंजुरी हवी. उतरवायला सहा आठवडे लागतील आणि ते काम मी व माझे विद्यार्थी करू. त्यानंतर या नोंदी जगातल्या कुणालाही वापरता येतील अशा खुल्या करण्याची परवानगी विद्यापीठाने द्यावी.

जुन्या संचाच्या बदल्यात एक जीपीयू सर्व्हर आणि त्याला स्वतंत्र, सुट्टीतही चालू राहणारे वातानुकूलन असलेली एक लहान खोली द्यावी. किल्लीची एक प्रत विभागाकडे असावी.

एम.एस्सी.चे प्रवेश याच जूनला सुरू करावेत. अभ्यासक्रम थांबवायचा असेल तर तो प्रश्न आधी अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेपुढे न्यावा. थेट व्यवस्थापन परिषदेत त्याचा निकाल लावू नये.

रिक्त पाच पदांपैकी निदान दोन पदांची जाहिरात माझ्या निवृत्तीआधी काढावी. नव्या माणसाला हातात हात देऊन काम सोपवायला मला एक सत्र हवे आहे. शासनाची मान्यता लागत असेल तर प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला, हे जाहीर करावे.

फेलोशिप आणि सीएचबीचे मानधन दर महिन्याच्या ठरावीक तारखेला जमा व्हावे. उशीर झाला तर कोणत्या टेबलावर झाला, ते विद्यार्थ्याला लेखी कळावे.

आणि परिषदेच्या पुढच्या बैठकीत मला वीस मिनिटे द्यावीत. मी प्रोजेक्टरवर कॅटजीची ती वाट उघडताना आणि मिटताना दाखवीन. ठरावाच्या बाजूने मत दिलेल्या सदस्यांनी ती एकदा पाहावी, एवढी माझी विनंती आहे.

प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेनने नाव आणि तारीख लिहिलेली आहे. काही अक्षरे पुसट झाली आहेत. ज्यांनी ती लिहिली त्यांतले कुणी आज हैदराबादच्या औषध कंपनीत आहे, कुणी जर्मनीत, कुणी शेजारच्या जिल्ह्यात कॉलेजवर शिकवते. ठरावाची बातमी त्यांना कळली तेव्हा सगळ्यांनी एकच विचारले, “मॅडम, माझा डेटा?”

निर्लेखन समिती १७ तारखेला सकाळी ११ वाजता पाहणीला येणार आहे, असे मला कळले. मी साडेदहाला खोली उघडून ठेवते. आपणही यावे.

आपली विश्वासू,
प्राध्यापिका, जैवमाहितीशास्त्र विभाग